टर्बोसाठी बदली इंजिन निवडताना: ठाण्यातल्या एका एस्टीमचा हिशेब

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. ठाण्यात वंदना सिनेमापाशी नेहमीसारखं पाणी तुंबलं होतं. माझी २००१ सालची मारुती एस्टीम त्यात अडकली आणि बंद पडली. तिथेच चावी काढून गाडी ढकलायला हवी होती. मी पुन्हा स्टार्टर मारला. 'टक्' असा एकच आवाज आला आणि सगळं अडलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कुणाला तरी वाकावं लागतं. तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला होता आणि बोअरलाही, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीलाही, खोल ओरखडा गेला होता.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींनी हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उचलून आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "दादा, याच्यात पैसे नका घालू. दुसरं इंजिन बघा." बरीच वर्षं डोक्यात असलेला किडा तेव्हा वळवळला. इंजिन बदलायचंच आहे, तर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) झेपेल असंच का नको?

पुढचे आठ महिने मी उलट्या क्रमाने कामं केली. आधी टर्बो घेतला, मग इंजिन शोधलं, मग इंजिन उघडलं आणि कागदपत्रांचा विचार सगळ्यात शेवटी केला. इथे क्रम सरळ करून लिहितोय. टर्बो त्यात जवळजवळ शेवटी येतो.

आधी कागद, मग पाना

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

निकामी इंजिनाच्या जागी त्याच मॉडेलचं, तेवढ्याच सीसीचं, त्याच इंधनावरचं इंजिन बसवणं ही वेगळी बाब आहे. त्यासाठी आरटीओची आधी परवानगी घ्यायची, काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवायचं, गाडी तपासणीला न्यायची आणि नव्या इंजिन नंबरची आरसीवर नोंद करून घ्यायची. एमएच-०४ असो की एमएच-४३, हे टाळू नका. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाल्यावर सर्व्हेअर सगळ्यात आधी नंबर जुळवतो.

मग बिनटर्बोच्या गाडीला टर्बो? रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी हा रस्ता बंद आहे असंच धरून चाला. "कोण बघतंय बोनेट उघडून" हे वाक्य मीही बोललोय, पण ते पीयूसी आणि फिटनेसच्या रांगेत उपयोगी पडत नाही. माझी गाडी विशी ओलांडून गेली होती आणि नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. शेवटी मी नोंदणी रद्द करून घेतली. आता ती फ्लॅटबेडवर बसून ट्रॅकला जाते आणि फ्लॅटबेडवरच परत येते. या लेखातला टर्बोचा भाग अशाच गाड्यांसाठी आहे.

तुमची गाडी कंपनीतूनच टर्बो घेऊन आली असेल, म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस किंवा नेक्सॉन पेट्रोल, तर तुमचं काम सोपं आहे. तेच इंजिन शोधा, नोंद करा, रस्त्यावर चालवा. इंजिन पारखण्याचा पुढचा भाग मात्र तुम्हालाही जसाच्या तसा लागू आहे.

स्पर्धेत उतरायचं असेल तर आणखी एक आकडा बघा. एफआयए या जागतिक मोटर स्पोर्ट संघटनेच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता वर्गवारीसाठी १.७ ने गुणण्याची पद्धत आहे. म्हणजे १,२९८ सीसीचं इंजिन कागदावर २,२०७ सीसीचं होतं आणि तुम्ही थेट मोठ्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहता. आपल्या गटाची नियमावली इंजिन घेण्याआधी वाचा.

किती ताकद हवी, ते कागदावर मांडा

'जमेल तेवढी' हे उत्तर गॅरेजमध्ये महागात पडतं. सोपा हिशेब असा: समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १ बार. टर्बोने अर्धा बार वाढवला की इंजिनात दीडपट हवा जाते. ८५ बीएचपीचं इंजिन गणिताने १२७ वर जायला हवं. पण हवा तापते, एक्झॉस्टला अडथळा येतो, इग्निशन मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा द्यावी लागते. हातात ११० ते १२० आले तर समाधान माना.

आता उष्णता. ठाण्यात मे महिन्यात ३५ अंशांची हवा अर्धा बार दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती बाहेर पडते साधारण ८९ अंशांनी. बोनेटखालची ५० अंशांची हवा आत घेतली तर १०७. म्हणजे पाण्याला उकळी येईल इतकी गरम हवा तुम्ही सिलिंडरमध्ये कोंबताय. म्हणून दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर हवाच, आणि एअर फिल्टरला बाहेरची गार हवा मिळायला हवी. तो बंपरच्या तळाशी मात्र लावू नका. पाणी इंजिनात कुठून शिरतं ते मी वर सांगितलंच आहे.

बदली इंजिन निवडताना हा आकडा हातात असला की निम्मे पर्याय आपोआप गळतात. मूळ ताकदीच्या सव्वा ते दीडपटीपर्यंत जायचं असेल, तर आतले मूळ भाग सुदृढ असले की बहुतेक जुनी, साधी इंजिनं निभावून नेतात. दुप्पट हवी असेल तर फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, वेगळा गिअरबॉक्स अशी यादी लांबत जाते आणि खर्च मूळ गाडीच्या कितीतरी पुढे निघून जातो.

कोणतं इंजिन

माझं मत आधीच सांगतो. तुमच्याच गाडीच्या घराण्यातलं इंजिन घ्या. माउंटिंग जुळतं, गिअरबॉक्स जुळतो, ड्राइव्हशाफ्ट जुळतात, वायरिंगचा मोठा भाग राहतो. यूट्यूबवर दिसणारी धाडसी अदलाबदल करायला निघालेल्या दोन मित्रांच्या गाड्या अजूनही कोलशेतला ताडपत्रीखाली आहेत. इंजिन बसलंय, फक्त ड्राइव्हशाफ्ट बसत नाही.

मारुतीचं जी१३बीबी, म्हणजे १,२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट. हे एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) एस्टीममध्ये होतं, जिप्सी किंगमध्ये होतं आणि २००५ साली आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही होतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५.५, म्हणजे जवळपास चौरस. सुट्या भागांची ददात नाही, आणि कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) ९ ते ९.५ च्या आसपास असल्याने थोडा बूस्ट, म्हणजे टर्बोचा जास्तीचा दाब, सहन होतो. एमपीएफआय आहे, म्हणून इंधन आणि इग्निशन ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) सांभाळता येतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या आठ व्हॉल्व्ह इंजिनाला टर्बो लावता येतो, पण तो उद्योग हौशीचा आहे, भरवशाचा नाही.

जुन्या बलेनोचं १,५९० सीसीचं जी१६बी त्याच घराण्यातलं. स्ट्रोक ९० मिमी असल्याने खालच्या आरपीएमला छान ओढतं, पण फार वर फिरवायचं इंजिन नव्हे. फोर्ड आयकॉनचं १.६ रोकॅम हे ओतीव लोखंडी ब्लॉकचं, फक्त आठ व्हॉल्व्हचं. वर श्वास अपुरा पडतो, पण खालचा भाग दणकट, आणि टर्बोला तसंही हवा ढकलूनच द्यायची असते. पालिओच्या १.६ वर माझा जीव आहे, ८६.४ मिमीचा बोअर आणि ६७.४ चा स्ट्रोक, काय फिरतं ते इंजिन! पण सुटे भाग शोधताना डोळे पांढरे होतात, म्हणून जड मनाने नको म्हणतो.

होंडा सिटीच्या जुन्या डी-सिरीज इंजिनाचा ब्लॉक वरून बघा. स्लीव्हभोवती (सिलिंडरच्या नळ्यांभोवती) पाण्याची मोकळी चर दिसते. याला ओपन डेक म्हणतात. वरच्या टोकाला स्लीव्हला आधार कमी, त्यामुळे जास्त बूस्टवर त्या हलतात आणि हेड गॅस्केट जातं. अर्ध्या बारला चालेल, त्यापुढे नको.

आजकालची नवी बिनटर्बो इंजिनं या कामाला सगळ्यात वाईट. मायलेजसाठी कॉम्प्रेशन चढवलेलं, रॉड-पिस्टन हलके केलेले, पिस्टन रिंगा बारीक. कंपनीने त्यांची मर्यादा मायलेजच्या हिशेबाने काटेकोर आखलेली आहे. वरकड ताकदीला जागाच ठेवलेली नाही.

याच्या उलट, कंपनीचंच टर्बो इंजिन अख्खं उचलायचं. ऑक्टाव्हियाचं १,७८१ सीसीचं २० व्हॉल्व्ह १.८ टी किंवा बलेनो आरएसचं ९९८ सीसीचं बूस्टरजेट, जे २०१७ ते २०२० दरम्यान विकलं गेलं. आत टर्बोसाठीच घडवलेले भाग असतात. पण घेताना ईसीयू, पूर्ण वायरिंग, इमोबिलायझर आणि चावी, थ्रॉटल पेडल, इंधन पंप हे सगळं त्याच गाडीतून आलं पाहिजे. बूस्टरजेटमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उच्च दाबाने जातं. वायरिंगशिवाय ते इंजिन म्हणजे दिवाणखान्यातली शोभेची वस्तू.

यार्डात उभं राहून करायची तपासणी

इथे घाई करू नका. कुर्ला असो की शीळफाट्याकडचे गाळे, इंजिन टायरवर ठेवलेलं असतं, वरून डिझेलने धुतलेलं, चकचकीत. धुतलेल्या इंजिनाचा मला आता संशयच येतो. तेल कुठून गळत होतं ते धुतल्यावर कळत नाही.

पहिली गोष्ट नंबर. ब्लॉकवरचा कोरीव नंबर पुसून, फोटो काढून घ्या. आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा दिसल्या, अक्षरं वेडीवाकडी वाटली, तर हात झटकून निघा. चोरीच्या गाड्यांची माहिती तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' सेवा आहे, तिथे बघा. इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. "बिलाची काय गरज शेठ" असं उत्तर आलं की तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं.

मग ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ चहासारखा चिकटा असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र झालंय. मात्र आपल्या दमट हवेत, रोज चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पांढरा साय-थर येतोच. तेवढ्यावरून इंजिन बाद करू नका; डिपस्टिक बघा, ड्रेन बोल्ट उघडून पहिल्यांदा काय पडतं ते बघा. आधी पाणी आलं, मग ऑइल, तर विषय संपला.

मी इथेच फसलो. पहिलं इंजिन एका व्यापाऱ्याकडून घेतलं, ऑइल स्वच्छ, झाकण स्वच्छ, आवाज गोड. घरी आणून थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत सोनेरी-तपकिरी कण थापले होते. कुणीतरी गळती बुजवायची पूड टाकून हेड गॅस्केटची भेग झाकली होती. व्यापारी म्हणाला, "आम्ही उघडून थोडीच बघतो." तेव्हापासून थर्मोस्टॅटचे दोन बोल्ट मी तिथल्या तिथे उघडतो. कुणी नको म्हणालं तर इंजिनही नको.

प्लग चारही काढून क्रमाने ठेवा. विटकरी-तपकिरी रंग चांगला. एखादाच काळा, ओला, तेलकट असेल तर त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. एखादाच वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर तिथे पाणी जातंय. आणि पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे-चमकदार ठिपके दिसले, तर ते इंजिन नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी स्फोट, सोसून आलंय. आधीच मार खाल्लेल्या पिस्टनवर टर्बो लावायचा नसतो.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. गेज स्वतःचा न्या. बॅटरी पूर्ण चार्ज असलेली, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि चांगल्या इंजिनाला नावं ठेवतात. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. जी१३बीबीसारख्या इंजिनाला १७० पीएसआयच्या वर आकडे यावेत, पण त्याहून महत्त्वाचा चारांमधला फरक. दहा टक्क्यांहून जास्त नको. मी बघितलेल्या दुसऱ्या इंजिनाचे आकडे होते १७८, १७५, १८० आणि चौथा १४२. चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा फिरवलं, तर १७० झाले. ऑइलने फट बुजली म्हणजे दोष रिंगांचा. ऑइल टाकूनही आकडा हलला नसता तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

जमलं तर लीक-डाउन टेस्टही करा. पिस्टन अगदी वर ठेवून प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. दहाच्या आत उत्तम, वीसच्या वर बाद. कान लावा: ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हेडमधल्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट. तिसऱ्या फेरीत मला जे इंजिन मिळालं त्याचे चारही आकडे सहा ते नऊ टक्क्यांत होते. ते धुतलेलं नव्हतं, काळं-मळकट होतं, आणि सौद्यात स्वस्तही पडलं.

घरी आणल्यावर उघडायचंच

आकडे चांगले आले म्हणून तसंच बसवायचा मोह होतो. बिनटर्बो गाडीसाठी ठीक. टर्बोसाठी संप (खालची ऑइलची परात) आणि हेड दोन्ही उघडा.

रॉडचे बेअरिंग काढून अर्धवर्तुळाकार शेल बोटांत धरा. राखाडी, मऊ, एकसारखा रंग हवा. तांबूस झाक दिसली म्हणजे वरचा थर घासून गेला. वरच्या शेलकडे जास्त लक्ष द्या, कारण स्फोटाचा धक्का तोच झेलतो. नॉकिंगने झालेली इजा तिथेच आधी दिसते. प्लास्टिगेजची मेणासारखी तार ठेवून, ठरल्या टॉर्कने कसून, पुन्हा उघडून फट मोजा. ०.०२ ते ०.०५ मिमीच्या दरम्यान असेल तर निवांत रहा.

बोअर मोजायला लेथवाल्याकडे न्या. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत हे काम रोजचं आहे. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ किंवा ०.५० चे मिळतात. पण जेवढा बोअर मोठा, तेवढी भिंत पातळ. टर्बोसाठी मी स्टँडर्ड बोअरचंच इंजिन शोधतो. आधीच ०.५० झालेलं इंजिन कितीही स्वस्तात मिळालं तरी सोडून देतो.

रिंगांचं टोकांमधलं अंतर हा बारीक पण जीवघेणा मुद्दा. बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, लांबते. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली की पुढे जायला जागा नसते आणि पिस्टनची कड तुटते. बोअरच्या दर इंचाला साधारण ०.००५ इंच धरलं, तर ७४ मिमी बोअरला वरच्या रिंगेचं अंतर येतं ०.३७ मिमीच्या आसपास. नवी रिंग बोअरमध्ये चौरस बसवून फीलर गेजने मोजायची आणि कमी भरलं तर बारीक कानसेने, एकाच दिशेने, हळूहळू घासायची. आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोळीचा व्यास मोजतोय. चौथ्या रिंगेपर्यंत कानस त्यांच्या हातात होती.

कॉम्प्रेशन आणि आपलं पेट्रोल

पंपावरचं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं होतं, महागडी पेट्रोलं ९५ आणि त्यावरची. ऑक्टेन जास्त, तेवढं नॉकिंग कमी. त्या साध्या पेट्रोलवर साडेनऊ कॉम्प्रेशन आणि अर्धा बार म्हणजे तारेवरची कसरत. मी ९५ वरच ट्यून केलं, आणि ट्रॅकला कॅन भरून तेच नेतो.

आता भंगारातल्या इंजिनाचा एक छुपा धोका. गाडी तापली, हेड वाकलं, तर ते घासून सपाट, म्हणजे प्लेन करतात. एका इंजिनाचं हेड आयुष्यात दोनदा प्लेन झालेलं असू शकतं आणि तुम्हाला कुणी सांगत नाही. जी१३ चा एक सिलिंडर ३२४.५ सीसी. कॉम्प्रेशन ९.५ असेल तर वर उरलेली जागा ३८.२ सीसी. हेड ०.३ मिमी घासलं, तर जास्तीत जास्त १.३ सीसी जागा जाते आणि कॉम्प्रेशन ९.८ पर्यंत चढतं. साध्या गाडीत फायदा, टर्बोत संकट. म्हणून हेडची उंची मोजा आणि कंबशन चेंबरमध्ये सिरिंजने पातळ ऑइल भरून प्रत्यक्ष किती सीसी मावतं ते बघा. चारही सारखे यायला हवेत.

उलटा उपायही बरेच जण सुचवतात: जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवा. ९.५ वरून ८.५ ला आणायचं तर सुमारे ५ सीसी जागा हवी, म्हणजे ७४ मिमीच्या बोअरवर जवळपास १.२ मिमी जास्त जाडी. एवढ्याने पिस्टन आणि हेडच्या सपाट कडांमधली चिमूट सैल पडते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि नॉकिंग उलट वाढू शकतं. टायमिंग बेल्टचं गणितही थोडं हलतं. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर खोलगट माथ्याचे पिस्टन घ्या. मी ९ च्या आसपास थांबलो आणि बूस्ट अर्ध्या बारवर बांधून टाकला.

पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचं काय? ऑक्टेनला त्याने मदत होते, पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाची रबरं आधी बदला. इंजेक्टर निवडताना माझा हिशेब असा होता: १२० बीएचपी, चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ), तर साधं पेट्रोल धरून मिनिटाला २३५ सीसीच्या आसपास. इथेनॉलसाठी वाढवून २५५. मी २८० सीसीचे घेतले.

इंजिनाबरोबर काय काय येतं

बूस्ट आला की एस्टीमचा मूळ मॅप सेन्सर (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आंधळा होतो. तो वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. किमान दोन बारचा सेन्सर आणि बदलता येणारा ईसीयू लागतो. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो असे ईसीयू बसवणारे लोक सापडतात. मात्र वायरिंग स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्या आणि प्रत्येक तारेला नाव लिहा. प्लग एक पायरी थंड आणि फट ०.७ मिमीच्या आसपास, नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते. क्लच प्लेट नवी. गिअरबॉक्सला देवाचं नाव.

टर्बोचं ऑइल परत येणारा पाइप हा इंजिन निवडीचाच भाग आहे, हे मला उशिरा कळलं. टर्बोतून ऑइल फेसाळत, निव्वळ वजनाने खाली पडतं. पाइप जाड हवा, आतून १६ ते १९ मिमी, सरळ उतरता, आणि संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारा. ज्या इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूला संपला ते भोक पाडायला जागाच नाही, तिथे टर्बो धूर ओकणार.

आणि टर्बो? माझ्याकडे आधीपासून पडून होता तो स्विफ्ट डिझेलमधला. त्यातल्या १.३ मल्टिजेट इंजिनाची हवेची गरज माझ्या हिशेबाच्या जवळपास निघाली, म्हणून मी खूश होतो. पण डिझेलच्या एक्झॉस्टपेक्षा पेट्रोलचा एक्झॉस्ट बराच गरम, लोड देताना ९०० अंशांच्या वर जातो. ती टर्बाइन आणि तिचं घर त्या तापमानासाठी बनवलेलं नसतं. पहिल्याच दिवशी हाउसिंगला केसाएवढी भेग दिसली. ताशी दरांत बोलायचं तर माझा सगळ्यात महाग अर्धा तास तोच. मिनिटाला साडेपाच किलो हवा देणारा, पेट्रोल इंजिनासाठी बनलेला छोटा टर्बो घ्या, आणि तो पाण्याने थंड होणारा असेल तर उत्तम.

पहिली सुरुवात बिनटर्बोची

नवं बांधलेलं इंजिन मी आधी टर्बोशिवाय चालवलं. प्लग काढून स्टार्टरवर ऑइलचा दाब आणला, मग सुरू केलं, वीस मिनिटं दोन हजारांच्या आसपास फिरवून बंद. ऑइल गरम असतानाच काढलं. गरम ऑइलवर दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय दाब मिळत होता, तेवढा पुरे. एक ट्रॅक दिवस पूर्ण बिनटर्बो गेला. सगळे हसत होते, एस्टीम घेऊन आलेला माणूस आणि तीही मूळ ताकदीची. त्या दिवशी पाण्याचा एक क्लॅम्प आणि क्रँकचं मागचं सील गळताना सापडलं.

परत आल्यावर ऑइल फिल्टर हॅकसॉने नाही, कॅन ओपनरसारख्या कटरने कापला, म्हणजे कापल्याचा कीस आत मिसळत नाही. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर पिळल्या. मिस्त्रींनी खिशातून स्पीकरचं जुनं चुंबक काढून त्यावर फिरवलं, टोकाला बारीक राखाडी भुकटी चिकटली, रिंगा बसताना येते तेवढीच. तांबूस काहीच नाही. त्यांनी चुंबक पुसून खिशात टाकलं आणि म्हणाले, "आणा आता तुमचा तो टर्बो."